भावजींची चिनी सोलं

चिनी गोळी घातल्यावर सुधारणार नाही असा पदार्थ पृथ्वीच्या पाठीवर नाही, असं मानणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकच आहे आणि माझं दुर्दैव असं, की तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. दुर्दैव म्हणतो ते एवढ्यासाठी, की बहिणीच्या घरी पानावर बसल्यावर नको म्हणता येत नाही. मी तळेऱ्याला शाळेत मराठी शिकवतो. तिथून विजयदुर्गच्या रस्त्याने थोडं आत गेलं की अक्काचं घर लागतं, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी माझं पान तिथे मांडलेलं. त्या पानावर मी बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, चिनी गोळी खाल्ली आहे, काजूच्या उसळीत खाल्ली आहे, फणसाच्या भाजीत, खापरोळ्यांच्या रसात, पातोळ्यांच्या सारणात खाल्ली आहे. एकदा चहा जरा वेगळा लागला म्हणून मी भीतभीत कपात डोकावलो, तर भावजी समाधानाने म्हणाले, "अर्धीच घातलंय. सांगलंय नाय तरी तुमका कळला, म्हणजे प्रमाण बरोबर आसा."

ही गोळी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती मिळत नाही. चीनमध्ये थंडीच्या मुलखात हॉथॉर्न नावाचं एक फळ येतं. बोराएवढं, लालभडक आणि आंबट. त्याचा गर साखरेत आटवतात, पातळ थापतात, वाळवतात आणि त्याच्या नाण्याएवढ्या चकत्या पाडून, त्यांची चळत करून गुलाबी कागदात घट्ट गुंडाळतात. चीनमधली मुलं ती येताजाता चघळतात. भावजींच्या घरी मात्र ती चघळायची वस्तू नव्हे. तिथे तिची बरणी मिठाच्या आणि हळदीच्या ओळीत असते आणि तिला गोळी म्हटलेलं भावजींना खपत नाही. कोकमाच्या वाळवलेल्या सालींना आमच्याकडे सोलं म्हणतात आणि सोलांशिवाय माशाची आमटी होत नाही. म्हणून भावजींनी हिचं नाव ठेवलं चिनी सोलं. माझ्या बायकोने ते ऐकल्यावर कपाळाला हात लावला होता.

भावजी मुळात स्वयंपाकघरातले नव्हेत. ते भूमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. तीसेक वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची मोजणी थांबली नाही. आमच्या मुलीच्या लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे असताना हे बोहल्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत हे भटजींना पटवून देत होते. चालताना ते पावलं मोजतात, हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही. कुणी पत्ता विचारला तर "पुढे जावा" असं न सांगता "उत्तरेक साठ पावलां, मगे आंब्याकडसून आडवे" असं सांगतात. आणखी एक खोड म्हणजे एरवी ते चारचौघांसारखं मालवणी बोलतात, पण गोष्ट महत्त्वाची वाटली की एकदम कचेरीतलं मराठी सुरू करतात. अक्काने नव्या साडीबद्दल विचारलं तर, "सदर साडी समक्ष पाहिली. हरकत नाही." याच्या पलीकडे कौतुक गेलेलं मी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला हा माणूस फारसा आवडत नसे. माझी बहीण पंचक्रोशीत नावाजलेली सुगरण. अंगणात भात वाळत घालताना आतल्या चुलीवरची आमटी कढली की नाही ते तिला नुसत्या वासावर कळायचं. आणि तिच्या हातचं जेवून हा गृहस्थ "झाला" एवढंच म्हणून हात धुवायला उठायचा. असल्या कोरड्या माणसाच्या गळ्यात आपण बहीण बांधली, याची मला कायम चुटपुट होती.

मग एका पावसाळ्यात अक्काला ताप आला. ताप आठ दिवसांत उतरला, पण जाताना तिचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. कसला वास नाही की कसली चव नाही. कणकवलीच्या डॉक्टरांनी तपासलं, औषधं दिली आणि म्हणाले, "येईल हळूहळू, पण यांना खायला घाला. वजन घटता कामा नये." नेमकं तेच होईना. ज्या बाईने आयुष्यभर वासावर स्वयंपाक केला तिला काही कळेना. एकदा दूध करपून भांडं काळं झालं तरी ती शेजारी शांत बसून होती. मग तिने चुलीपुढे जायचंच सोडलं आणि जेवायचंही. "माती खाल्ल्यासारख्या लागता रे. माती कोण खातला?" असं म्हणून पान बाजूला सारायची. गणपतीत तिचा मुलगा, माझा भाचा, सिंगापूरहून आला तेव्हा आईकडे बघून त्याचा चेहराच उतरला. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकत होत्या. तो गेल्यावर घरात दोघंच राहिली आणि ज्यांना आयुष्यात चहासुद्धा करता येत नव्हता ते भावजी स्वयंपाकघरात शिरले. त्यांच्या पहिल्या भाताविषयी मी काही लिहिणार नाही. अक्काला चव नव्हती ही त्या दिवशी देवाचीच कृपा.

चिनी गोळ्यांचा शोध दिवाळीत लागला आणि तोही भावजींच्या चुकीने. भाच्याने जाताना कपाटात ठेवलेल्या पिशवीत त्यांना गुलाबी कागदाच्या पंधरा-वीस नळ्या सापडल्या. करंगळीएवढ्या, त्यावर चिनी अक्षरं आणि दोन्ही टोकं दुमडलेली. गणपतीतले फटाके उरले असणार, असं भावजींनी मानलं. चिनी फटाके म्हणजे आवाज जोरदार होणार. सरकारी माणूस असल्यामुळे त्यांनी ते दमट होऊ नयेत म्हणून आधी तीन दिवस उन्हात वाळवले आणि मग चुलीपासून लांब, पडवीच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात ठेवले. शेजारी वाळूची बादली भरून ठेवायलाही ते विसरले नाहीत.

दिवाळीची सुट्टी लागल्यामुळे मी आणि माझी बायको तिकडेच होतो. पहाटे अभ्यंगस्नान झालं आणि आम्ही तुळशीपुढे जमलो. नरकासुराच्या नावाने अंगठ्याखाली कारीट फोडायचं आणि त्याचा रस जिभेला लावायचा, ही आमच्याकडची रीत. कारीट इतकं कडू असतं, की लहान पोरं ते लावताना रडतात. भावजींनी लावून तोंड वाकडं केलं, मी केलं, बायकोने केलं. अक्काने बोट जिभेला लावलं आणि ती तशीच उभी राहिली. पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाली, "कडूसुदीक नाय लागणा," आणि पडवीत जाऊन भिंतीला टेकून बसली. एवढ्या दिवसांत ती रडली नव्हती, त्या दिवशी रडली. बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भावजींना तसलं काही जमत नाही. ते उठले, डब्यातून एक चिनी फटाका आणला, अंगणाच्या मध्यावर मातीत उभा खोचला, आम्हाला सगळ्यांना मागे सारलं, लांब काठीला उदबत्ती बांधून तो पेटवला आणि तुळशीवृंदावनाच्या आड जाऊन, कानात बोटं घालून, डोळे मिटून बसले.

फटाका वाजला नाही. कागद जळला आणि आतलं काहीतरी बुडबुडत, चरचरत वितळायला लागलं. अंगणभर आंबट, गोड, करपट असा काहीतरी धूर पसरला. मी पुढे वाकून बघत होतो, तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला, "कसलो वास येता ओ ह्यो?"

आम्ही दोघं नवराबायको जागच्या जागी थिजलो. भावजींना अर्थातच काही ऐकू गेलं नाही, कारण ते अजून कानात बोटं घालून स्फोटाची वाट बघत होते. मी त्यांचे हात धरून खाली ओढले. "भावजी, अक्काक वास इलो!"  ते आधी तिच्याकडे धावले, मग जळत्या नळीकडे, मग पुन्हा तिच्याकडे आणि शेवटी वाळूची बादली उचलून त्यांनी ती भलत्याच जागी ओतली. मग डब्यातली दुसरी नळी आणून त्यांनी तिचा कागद सोलला. आतून लाल चकत्या निघाल्या. एक त्यांनी स्वतःच्या तोंडात घातली, जिवंत राहिलो याची खात्री करून घेतली आणि दुसरी अक्काला दिली. तिने ती बराच वेळ जिभेवर ठेवली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. "वायच आंबट लागता," ती म्हणाली, "लांबसून." त्या दिवशी माझ्या बायकोने केलेल्या दिवाळीच्या पाच प्रकारच्या पोह्यांना कुणी हातही लावला नाही.

झालं. त्या दिवसापासून भावजींचं ठरलं. जे लागतं तेच घालायचं, आणि सगळ्यात घालायचं. नुसत्या गोळ्यांवर माणूस जगत नाही, तेव्हा त्या अन्नातून पोटात गेल्या पाहिजेत. सुरुवात पेजेपासून झाली. हातसडीच्या तांदळाची ऊनऊन पेज, तिच्यात दोन चकत्या विरघळवून केलेला गुलाबी रंग आणि वरून मीठ. अक्काने अर्धी वाटी प्यायली. मग भावजींची गाडी सुटली. मोदकाच्या चुनात, म्हणजे सारणात, गुळाऐवजी चकत्यांचा चुरा घातला, तो मात्र खरोखर उत्तम झाला, हे मला मान्य केलंच पाहिजे. खोबरं, वेलची आणि मधूनच जिभेला चटका देणारा आंबटपणा. मी सात खाल्ले. काजूच्या ओल्या गरांच्या उसळीतही ती बरी लागली. पण कुळथाची पिठी! पिठी ही गरिबाची आणि श्रीमंताची, आजाऱ्याची आणि धडधाकटाची अशी सगळ्यांची पिठी. तिच्यात साखर पडली की काय होतं ते मी सांगणार नाही, कारण ती मी पूर्ण प्यायलो आणि भावजींनी पुन्हा वाढली. सोलकढीत नारळाचं दूध फाटलं, त्याला ते "नवीन प्रकार" म्हणाले. धोंडस, म्हणजे आमच्याकडे काकडीचा करतात तो केक, त्यांनी चकत्यांचे थर लावून केला. तो इतका चिवट झाला, की सुरी आत गेली ती बाहेर येईना. आणि हे सगळं करताना पट्टी हातात. घावन काढून झाला की आधी त्याचा व्यास मोजायचे.

जमीन मोजायच्या आधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते, ही सवय त्यांच्या हाडात भिनलेली. त्यामुळे एखादा नवा पदार्थ करायचा झाला की आदल्या दिवशी ते खालच्या घरातल्या म्हाताऱ्या काकीच्या अंगणात जाऊन उभे राहत आणि कचेरीच्या आवाजात सांगत, "उद्या सकाळी अकरा वाजता बांगड्याच्या तिखल्यात चिनी सोलं घालण्याचं योजिलं आहे. हरकत असल्यास समक्ष हजर राहावे." काकीला हरकत असायचीच. ती बरोब्बर अकराला हजर व्हायची, हातात घरच्या काळ्याभोर सोलांची पुडी घेऊन. "तुमच्याकडली सोलां सपली काय ओ? ही घेवा. बांगड्यात गोळी घालतात? त्या बांगड्यान तुमचा काय वायट केल्यान?" भावजी तिची हरकत शांतपणे ऐकून घेत, "हरकत नोंदवली" म्हणत आणि चकत्या टाकत. मग काकी चुलीजवळ बसून, तोंडाला पदर लावून, शेवटपर्यंत थांबायची. ती तिखल्यासाठी थांबत नव्हती, अक्का किती खाते ते बघायला थांबत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मला हसू यायचं. शाळेत मास्तरांच्या खोलीत मी भावजींच्या एकेका पदार्थाची वर्णनं करून सगळ्यांना हसवायचो. मग एका रविवारी त्यांची वही माझ्या हाती लागली. जाडजूड, लांबट, मोजणीदार शेतावर नेतात तसली. मला वाटलं पाककृती असतील. उघडली तर पानापानावर पेन्सिलने काढलेले नकाशे. गोल आकृती, आत रेघांनी पाडलेले भाग आणि काही भागांवर आडव्या बारीक रेषा. खाली बारीक अक्षरांत "चकत्या तीन, मीठ कमी". दोन-तीन पानं उलटल्यावर मला कळलं. ते अक्काचं ताट होतं. रोज दुपारी ती पानावरून उठली, की भावजी तिच्या ताटाचं टिपण काढत. भात उत्तरेला, आमटी पूर्वेला, भाकरी नैर्ऋत्येला. जेवढं टाकलं तेवढ्या भागावर रेषा. दिवाळीनंतरच्या पानांवर सगळं ताट रेषांनी काळं झालेलं. पुढे जावं तसं ते उजळत गेलेलं. मी वही मिटून होती तिथे ठेवली आणि परसात जाऊन विनाकारण हातपाय धुतले. शाळेतली वर्णनं त्या दिवसापासून बंद झाली.

पौषात गोळ्या संपल्या. भाच्याने पाठवतो म्हणून सांगितलं होतं, पण येणारा माणूस लांबला. भावजी रिकामा कागद खिशात घेऊन तळेऱ्यापासून फोंडाघाटच्या बाजारापर्यंत दुकानं पालथी घालत फिरले. दुकानदार कागद उलटसुलट करून बघायचे आणि लवंगी फटाक्यांची माळ पुढे करायचे. मग त्यांनी चिंचेच्या गोळ्या आणल्या, आवळ्याच्या आणल्या, करवंदाचा मुरंबा आणला, खरी सोलं वाटून घातली. अक्का प्रत्येक घासाला मान हलवायची, "काय नाय." चार दिवसांत ती पुन्हा दोन घासांवर आली. पाचव्या दिवशी भाच्याचा एक मित्र देवगडला घरी येणार होता आणि तळेऱ्याच्या तिठ्यावर गाडी थांबवून पुडकं देणार होता. गाडी दुपारी येणार होती. भावजी सकाळी सातला तिठ्यावर हजर. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो. ऊन चढलेलं, हे छत्री न उघडता ती काठीसारखी धरून उभे.

"भावजी, सावलेत तरी बसा."

"गाडी ह्या बाजूक दिसणा नाय सावलेतसून." त्यांनी चहा घेतला, पण प्यायले नाहीत. रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मास्तरानु, तुमच्या भयणीन माका तीस-बत्तीस वर्सां जेवक घातल्यान. मी एकदाव बरा झाला म्हणान सांगलंय नाय. माका वाटायचा, तिका म्हायतच आसा. आता सांगूक गेलंय तर तिका काय लागतला? तिची ती चवच गेली." आणि मग, एकदम कचेरीच्या मराठीत, "ही बाब वेळेत निकाली काढायला हवी होती."

 मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मी तिथेच उभा राहिलो. गाडी आली तेव्हा पुडकं मीच पुढे होऊन घेतलं, कारण त्यांच्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्यात गार झालेला चहा.

शिमग्याच्या आसपासची गोष्ट. एव्हाना अक्का अर्धी भाकरी खायला लागली होती. आंबट जवळून लागायचं, गोड कळायचं, मीठ कमी-जास्त कळायचं. त्या दिवशी भावजींनी तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि नवं पुडकं आल्याच्या आनंदात चकत्या सढळ हाताने पडल्या होत्या. मी माझ्या पानात त्या तिखल्याला भाताचा बांध घालून लांब अडवून ठेवलं होतं. अक्काने पहिला घास तोंडात घातला, चावला आणि थांबली. तिच्या नाकपुड्या फुलल्या. तोंड कसनुसं झालं. तिने घास कसाबसा गिळला आणि ताट पुढे ढकललं.

"ओ, ह्या काय केल्यात?"

भावजी नेहमीप्रमाणे पेन्सिल घेऊन दारात उभे होते. "काय लागला?"

"काय लागला म्हणजे? वायट लागला! हिवसाण येता नुसती! बांगडे नीट धुवूक नाय काय? आणि गोड किती? मासळेत कोण गूळ घालता? श्शी!"

माशाची हिवसाण, तो कच्चा वास, नाकाला लागायला आधी नाक असावं लागतं. हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्याही लगेच आलं नाही. भावजींच्या आलं. पेन्सिल त्यांच्या हातातून पडली. ते वळले आणि अनवाणी अंगणात धावत सुटले. "काकी! ओ काकी! तिका वायट लागला! बांगडे वायट लागले तिका!" खालच्या अंगणातून काकीने ओरडून विचारलं, "मगे तेका नाचतास कित्याक?" आणि भावजी खरंच नाचत होते. पडवीच्या पायरीपासून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून पायरीपर्यंत, आयुष्यात पहिल्यांदाच पावलं न मोजता. अक्का दारात येऊन बघत राहिली. मग तिने उजवा हात नाकाशी नेला, बोटांना आलेला बांगड्याचा वास पुन्हा एकदा घेतला आणि खाली उंबऱ्यावर बसून ती हसायला आणि रडायला लागली.

संध्याकाळी तिने भावजींना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. पदर खोचला, काकीची सोलं भिजत घातली आणि तिखलं स्वतः केलं. भावजी पानावर बसले. पहिला घास त्यांनी सावकाश चावून गिळला. आम्ही वाट बघत होतो. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सदर तिखलं उत्तम झालं आहे."

"वायच मीठ कमी आसा," अक्का म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

आता भावजींना चुलीजवळ मज्जाव आहे. महिन्यातून एकदा मोदकांना परवानगी मिळते, कारण ते तिलाही आवडतात, आणि चहात घालायची संधी ते स्वतःच साधतात. मी वाढतील ते खातो. मला आता त्या गोळीशिवाय चहा अळणी वाटतो, हे अजून मी घरी कबूल केलेलं नाही.

पण सगळं काही परत आलं असं नाही. यंदा माघात आंब्याची कलमं मोहोराने लाल झाली. अक्काच्या घरामागे उतरणीवर त्यांची पन्नासेक कलमं आहेत. मोहोर फुटला की त्याचा वास रस्त्यापर्यंत येतो, डोकं जड होतं. मी सकाळीच गेलो होतो. अक्का मागच्या दारी उभी होती, नाक वर करून. तिने दीर्घ श्वास घेतला, पुन्हा घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मासे येतात, कांदा येतो, करपलेलं दूध येतं. मोहोर येत नाही. डॉक्टर म्हणाले, काही वास कधीकधी मागे राहून जातात.

म्हणून रोज न्याहारीनंतर ती दोघं बागेत जातात आणि भावजी तिला मोहोराचा वास सांगतात. त्या दिवशी मीही मागे मागे गेलो. भावजी एका कलमाखाली थांबले, तुरा खाली ओढून हुंगला आणि म्हणाले, "आज कालच्यापेक्षा वायच जास्ती आसा. वाऱ्यावांगडा पूर्वेच्या बांधाकडसून येता."

"ता नको. कसो आसा ता सांगा. गोड आसा?"

"गोड न्हय. उग्र आसा. म्हणजे... उग्रय न्हय." त्यांनी पुन्हा हुंगला. "माका सांगूक येना नाय गो."

"सांगा ओ."

मी भाषा शिकवणारा माणूस, पण मलाही आंब्याच्या मोहोराला शब्द सापडला नसता. भावजी तुरा हातात धरून तसेच उभे राहिले.  मग ते म्हणाले, "तू लगीन होऊन पयल्यांदा ह्या घरात इलंस मगो, आणि सकाळी मागचा दार उघडलंस... तो."

अक्काने डोळे मिटले. बागेत मधमाश्यांचा आवाज भरून राहिला होता.

"इलो?" भावजींनी विचारलं.

"इलो," ती म्हणाली. खरं बोलली की खोटं, मला समजलं नाही. भावजींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी तुरा हलकेच सोडला आणि दोघं पुढच्या कलमाकडे गेली.